अतिक्रमणाचा बडग्या

एकोणीसशे बहात्तर साली, भाद्रपदात, महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उठल्यानंतरच्या आठवड्यात, नागपूरच्या पूर्वेकडे एका नाल्याच्या काठी असलेली आमची वस्ती पाडण्यात आली. त्याआधी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी, त्याच वस्तीसमोर एक बडग्या, बांबू-कागदाचा पुतळा, जाळण्यात आला होता. तो बडग्या माझ्या वडिलांनी बांधला होता. एवढं मी पुढे ज्यांना ज्यांना विचारता आलं त्यांच्याकडून ताडून घेतलं आहे. बाकीचं आठवणीतलं आहे, आणि ते आठवणीसारखंच लिहिते आहे...

सगळ्यांत आधी वास येतो. ओल्या बांबूचा. उभा बांबू कोयत्याने मधोमध चिरला की आतून जो हिरवा, किंचित आंबूस, नुकत्या कापलेल्या काकडीसारखा वास सुटतो तो आमच्या घराचा वास होता. अंथरुणाला तोच, भाकरीला तोच, शाळेत मी बाकावर बसले की शेजारची मुलगी नाक वर करून हुंगायची तोही तोच. आम्ही बुरड. घराच्या मागे नाल्याचा एक डोह होता, त्यात बांबू भिजत पडलेले असत — पावसाळ्यात गढूळ पाण्याखाली, हिवाळ्यात तळ दिसणाऱ्या पाण्यात, आणि उन्हाळ्यात डोह आटला की ओल्या गोणपाटाखाली. बाबा दारात बसून कामट्या काढत. कामटी निघताना एक बारीक, लांबत जाणारा आवाज होई, जसं कोणी कापड फाडतंय पण फार सावकाश. त्या आवाजात मी झोपले आहे, अभ्यास केला आहे, तापाने फणफणलेली पडले आहे. डोह होता म्हणून आम्ही तिथे होतो. पाण्यापासून लांब गेलं की बांबू वाळतो, वाळला की चिरताना फुटतो, आणि फुटक्या बांबूचं सूप होत नाही. बाबांना ती जागा का हवी होती याचं उत्तर एवढंच होतं.

नाल्यावर एक पुलिया होती. पुलियाच्या पलीकडे लेआउट. आज ज्या भागाला नंदनवन म्हणतात त्याच्याही पुढे, तेव्हा नुकताच पडलेला, आखीव रस्त्यांचा, एकसारख्या फाटकांचा. तिथे राहायला आलेले लोक नोकरदार होते. संध्याकाळी सायकली आणि एखाद-दुसरी स्कूटर पुलियावरून जायची आणि मग फाटकांच्या कड्या एकामागून एक वाजायच्या. त्या लेआउटचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की असं तिथेच झालं.

लेआउटच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली, तिथल्या रहिवाशांच्या समितीचा फळा होता. शाळेत असतो तसाच, काळा, दोन लोखंडी पायांवर उभा, वर पत्र्याची लहानशी पडवी. फळ्याच्या मधोमध पांढऱ्या रंगाची एक आडवी पट्टी ओढलेली होती. पट्टीच्या वर लिहिलेलं असे — आगामी कार्यक्रम. खाली — समस्या. वरचं पांढऱ्या खडूने, खालचं लाल खडूने. अक्षर समितीच्या सेक्रेटरींचं. वळणदार, टपोरं, शिरोरेघ पट्टी लावल्यासारखी सरळ. माझं अक्षर आज बरं आहे असं लोक म्हणतात. ते मी त्या फळ्यावरून गिरवलेलं आहे.

आई आणि मी रविवारी डोक्यावर सुपं-टोपल्या घेऊन लेआउटमध्ये जात असू. फळ्यापाशी आई थांबायची आणि म्हणायची, "वाच वं." तिला अक्षर येत नव्हतं, पण फळ्याचा उपयोग तिच्याइतका त्या लेआउटमध्ये दुसऱ्या कोणाला नव्हता. भुलाबाईच्या गाण्यांचा कार्यक्रम लिहिला असला की खिरापतीच्या छोट्या टोपल्या लागणार. हळदीकुंकू असलं की परड्या. महालक्ष्म्या जवळ आल्या की घरोघर नवं सूप. वरच्या अर्ध्या फळ्यावर आमचं वर्ष चालायचं. खालच्या अर्ध्यावर काय असे ते मी वाचायची आणि आई ऐकून घ्यायची — नळाला धार नाही, खांबावरचे दिवे बंद, डास, मोकाट डुकरं. आई म्हणायची, "हे तं आपल्याकडं बी हाय." आणि टोपली सावरून पुढे चालायची.

त्या वर्षी आखाड लागला तसा लाल खडूत एक नवा शब्द आला. नाल्याकाठचे असं काही त्याआधी लिहिलेलं नव्हतं. नुसताच शब्द. अतिक्रमण.

मी तो अडखळत वाचला. आईने विचारलं, म्हणजे काय. मला सांगता आलं नाही, आणि पाचवीत पहिला नंबर आलेल्या मुलीला सांगता येत नाही याची मला लाज वाटली. पुढचे काही रविवार तो शब्द तिथेच होता. मग एका रविवारी तो पट्टी ओलांडून वर गेला. पांढऱ्या खडूत लिहिलं होतं — तान्हा पोळा. सकाळी मारबत. बडग्याचा विषय: अतिक्रमण. दुपारी मुलांची नंदी सजावट स्पर्धा.

नागपूरबाहेर हे सांगावं लागतं म्हणून सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, तो तान्हा पोळा. त्याच दिवशी सकाळी मारबत निघते. मारबत म्हणजे गावातली सगळी पीडा अंगावर घेऊन वेशीबाहेर जाणारी बाईची मूर्ती. आणि तिच्यासोबत निघतात ते बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल त्याचे पुतळे. कधी महागाई, कधी रॉकेलवाला, कधी दिल्लीतला कोणी मंत्री. लोक मागून ओरडत जातात, अमुक घेऊन जाय गे मारबत, तमुक घेऊन जाय गे मारबत. शेवटी वेशीवर सगळं जाळतात आणि मागे न बघता घरी येतात. जुन्या शहरातल्या मारबती मोठ्या. आमच्या लेआउटची छोटी, हौसेची. पण बडग्या मात्र दरवर्षी उंच असे, कारण तो बाबा बांधत.

सेक्रेटरी साहेब पुलियावर आले. ते कधी खाली उतरत नसत. पुलियाच्या कठड्यापाशी उभे राहून हाक मारत. उंच, गोरे, ओठांवर कात्रीने नीट कापलेली काळीभोर मिशी, आणि पायात नेहमी पॉलिश केलेले बूट, मग नाला भरलेला असो की आटलेला. त्यांनी सांगितलं की यंदा अतिक्रमणाचा बडग्या आहे, मोठा पाहिजे, लोकांना बघताक्षणी चीड आली पाहिजे. बाबा म्हणाले, हो साहेब. अर्थ त्यांनी विचारला नाही. साहेबांसमोर शब्दाचा अर्थ विचारणं म्हणजे काय, हे बाबांना ठाऊक होतं. आपल्याला हसण्याची संधी त्यांनी कधीच कोणाला दिली नाही. घरी आल्यावर पाय धुता धुता मला विचारलं.

"अतिक्रमण म्हणजे काय वं बाई?"

तोवर माझं उत्तर तयार होतं. आदल्या हिवाळ्यात लढाई झाली होती. शाळेच्या खिडक्यांना आम्ही काळे कागद चिकटवले होते, सायरन वाजला की बाकांखाली बसायचं शिकलो होतो, आणि गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलं होतं — शत्रूने आक्रमण केले. अतिवृष्टी म्हणजे फार पाऊस. अतिशहाणा म्हणजे फार शहाणा. तेव्हा अतिक्रमण म्हणजे फार मोठं आक्रमण. दुश्मनाचं. मी हे गुरुजींसारखं बोट वर करून सांगितलं, आणि बाबा हातातला तांब्या तसाच धरून ऐकत राहिले.

"म्हणजे साहेबानं यंदा देशाचं काम देल्लं," ते म्हणाले.

वस्तीत हा शब्द कळणारे एक जण होते. मेश्राम काका. गिरणीत कामाला, रोज पेपर वाचणारे. पण ते बौद्ध झालेल्या घरातले, मारबत-बडग्याच्या भानगडीत पडत नसत, आणि ज्याने एक गोष्ट सोडली आहे त्याच्याकडे तीच घेऊन जाणं बाबांना प्रशस्त वाटलं नाही. म्हणून त्यांना कोणी विचारलं नाही.

मग श्रावणातले ते दिवस... बाबांनी त्या बडग्यासाठी डोहातले सगळ्यांत सरळ बांबू काढले. आधी दोन पाय, मग कमरेचं कडं, मग छातीचा पिंजरा. सुतळीने आवळलेल्या गाठी, आणि प्रत्येक गाठीवर बाबा तोंडात पाणी घेऊन फुंकर मारायचे, म्हणजे सुतळी आखडून घट्ट बसते. आई मैद्याची खळ शिजवायची. जुन्या वर्तमानपत्रांचे पट्टे खळीत बुडवून मी आणि माझी धाकटी बहीण ते पिंजऱ्यावर चिकटवत असू, आणि वाळत आलेल्या कागदाचा आंबट वास, बाहेर रिमझिम, ओल्या मातीवर बसलेल्या कोंबड्या, चुलीच्या धुराने पिवळा पडत चाललेला दुश्मनाचा हात — हे सगळं एकमेकांत मिसळून माझ्या मनात एकच चित्र झालेलं आहे. गांधीबागेतल्या एका कापडदुकानातून आईने चिंध्यांचं गाठोडं आणलं. त्यात खाकी तुकडे निघाले. खाकीचा कोट झाला. नारळाच्या काथ्याची मिशी झाली, बुटांना कोळशाचा रंग दिला, खांद्यावर सिगारेटच्या चांदीच्या कागदाच्या पट्ट्या लावल्या, आणि हातात बांबूचीच एक तोफ, जिच्या तोंडात बाबांनी लाल कागदाची झिरमिळी बसवली. डोक्यावर टोपी. बडग्या आमच्या छपराच्या वर जात होता, म्हणून त्याला आडवा करून घरात घेतला, आणि तो रात्रभर आमच्याजवळ पाय पसरून पडलेला असे.

शेजारची गोदामाय रोज बघायला यायची. दात नसलेली, तपकीर ओढणारी, वस्तीतल्या प्रत्येकाला नावं ठेवण्याचा हक्क असलेली बाई. बडग्याच्या तोंडाकडे पाहत ती म्हणाली, "कारभारी, बाकी सारं ठीक हाय. पण मिशा तं तुह्या सेक्रेटरीच्या हायेत गा."

सगळे हसले. बाबाही हसले. मग उठून त्यांनी मिशीची टोकं जरा वर वळवली, म्हणजे साहेबांना राग येऊ नये.

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी बडग्या लेआउटमध्ये नेऊन पोहोचवला. चार जणांच्या खांद्यावर. मी तोफ धरून पुढे. समितीचे लोक कडुनिंबाखाली जमले होते. त्यांनी बडग्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग एक जण हसला, मग सगळेच, पोट धरून. बाबांना वाटलं, आवडला. सेक्रेटरी साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं की हे काय बांधलं आहे, मी अतिक्रमण म्हणालो होतो. बाबा म्हणाले, तेच आहे साहेब, तोफ पण आहे. त्यावर साहेब थोडा वेळ बाबांकडे पाहत राहिले. त्या वेळी ते सांगू शकले असते. शब्दाचा अर्थ सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते लिहून दाखवायला फळा तर शेजारीच होता. ते एवढंच म्हणाले, की ठीक आहे, ठेवून जा, आम्ही बघून घेऊ.

सकाळी मारबत निघाली. दरवर्षीसारखे आम्ही वस्तीचे लोक मागे. आम्हाला मागे चाला असं कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि पुढे या असंही. पण ओरडायला आम्ही लागायचो. लेआउटच्या लोकांना ओरडण्याची सवय नव्हती, त्यांचा आवाज पुलियापर्यंतही पोहोचत नसे. ढोल वाजत होता, गुलाल उडत होता, पुढे बडग्याची पाठ दिसत होती. डास घेऊन जाय गे मारबत. रोगराई घेऊन जाय गे मारबत. आणि मग समितीतला कोणी तरी पुढून ओरडला — अतिक्रमण! — आणि मागून आम्ही, आई, गोदामाय, मी, माझी बहीण, वस्तीतली सगळी माणसं, घसा फाटेस्तोवर — घेऊन जाय गे मारबत! बाबांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. देशाचं काम होतं ना.

पुलियावर मिरवणूक वळली तेव्हा बडग्याचं तोंड पहिल्यांदा आमच्याकडे झालं. टोपी नव्हती. तोफ नव्हती. खाकी कोट काढून गोणपाट गुंडाळलं होतं. मिशी उपटलेली होती, त्या जागी खळीचा पांढरा डाग. एका हातात फुटकं जर्मनचं, ॲल्युमिनियमचं भांडं, आणि डोक्यावर उलटी घातलेली एक टोपली. गळ्यात पाटी. पाटीवर लाल रंगात, शिरोरेघ सरळ, टपोऱ्या अक्षरात — नाल्याकाठचे अतिक्रमण.

मी वाचलं. मला तेव्हाही पूर्ण कळलं नाही. बाबांना वाचता येत नव्हतं, त्यांना आधी कळलं. ते टोपलीकडे पाहत होते. काठाला लाल रंगाची एक कामटी फिरवलेली होती. तशी कामटी फक्त बाबा घालत, हे सूप किंवा ही टोपली कुठली ते लोकांना विचारावं लागू नये म्हणून. ते थांबले. ओरडताना उघडलेलं त्यांचं तोंड काही वेळ तसंच उघडं राहिलं.

मागून लोक ओरडतच होते. त्यांना अजून दिसलं नव्हतं.

बडगे नेहमी नाल्याच्या आमच्या बाजूला जाळत, कारण मोकळी जागा तिकडेच होती. त्या दिवशीही तिथेच ठेवला. रॉकेल ओतलं. ओल्या बांबूला आग लागताना आधी धूर होतो, मग पेरं फुटतात, एकेक पेर बंदुकीच्या बारासारखं. लेआउटची मुलं प्रत्येक बाराला टाळ्या पिटत होती. धूर आमच्या घरांत शिरला. गोदामाय पदराने डोळे पुसत माझ्याजवळ आली आणि पाटीवर काय आहे ते विचारू लागली. मी वाचून दाखवलं. नाल्याकाठचे म्हणजे कोणते, तिने विचारलं, आणि मग स्वतःच वळून आमच्या घरांकडे पाहू लागली.

बाबा सेक्रेटरी साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडले नाहीत एवढा एकच फरक मला दिसला.

"साहेब, हा म्या बांधला."

"हो, मग?"

"मले सांगतलं असतं तं मी मापानं बांधला असता. माह्या मापाचा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, मान वळवली नाही, आवाज चढवला नाही. ते शिकलेले गृहस्थ होते. त्यांनी बाबांना समजावलं. "तुझ्यावर व्यक्तिशः कोणाचा राग नाही रे. तू मेहनती माणूस आहेस. हा तत्त्वाचा प्रश्न आहे." मग त्यांनी विचारलं की महालक्ष्म्यांची सुपं वेळेवर होतील ना, आणि मागे न बघता, मारबत जाळून जसं यायचं असतं तसे, घरी गेले.

दुपारी लेआउटमध्ये नंदी सजावटीची स्पर्धा झाली. माझ्या बहिणीने बाबांनी कोरलेला बैल नेला नाही. तो बैल ती मोठी होईपर्यंत, पुढच्या घरातही, फळीवर होता, शिंगांना पितळी पत्रा, गळ्यात तीन मणी.

त्यानंतरच्या दिवसांत आमच्या घरात सुपांवरून बोलणं झालं. गोदामायचं म्हणणं होतं की एकही सूप द्यायचं नाही, लक्ष्मीला पत्र्याच्या डब्यात पाखडू दे धान्य. मेश्राम काका रागावले होते, पण वेगळ्या गोष्टीवर; त्यांनी बाबांना विचारलं की काहून कोणाला अर्थ विचारून घेतला नाही, आणि मग वस्ती हटवू नये असा अर्ज लिहायला बसले. बाबा दारात बसून कामट्या काढत होते. आईने सुपं विणली. ती म्हणाली, "सूप लक्ष्मीसाठी हाय. ज्या घरी ती बसते त्या घरवाल्यासाठी नाई." घरोघर नेऊन दिली. सेक्रेटरी साहेबांच्या पत्नीने, ज्यांना आम्ही ताई म्हणत असू, सूप उलटंपालटं करून पाहिलं, काठाची लाल कामटी बोटाने चाचपली, आणि म्हणाल्या की तुमच्या हातचं सूप काही औरच असतं. त्यांच्या ओसरीत उदबत्तीचा, पुरणाचा, नव्या साड्यांचा वास भरलेला होता. मला त्यांनी करंजी दिली. मी ती खाल्ली. छान होती.

महालक्ष्म्या उठल्या आणि पुढच्या आठवड्यात महापालिकेचा ट्रक आला. सुपं सगळी पोहोचल्यानंतर आला. हा योगायोग असू शकतो. तसा तो नव्हता असा पुरावा माझ्याकडे नाही, आणि पुराव्याशिवाय लिहू नये हे मी पुढे पगार घेऊन शिकले. सब्बल, म्हणजे पहारी, घेतलेली माणसं उतरली. मेश्राम काकांनी कागद दाखवा म्हटलं. कागद कचेरीतल्या साहेबांजवळ आहे असं उत्तर मिळालं. साहेब कुठे आहेत, तर ते मागून येताहेत. ते आले नाहीत. काकांनी केलेला अर्ज ज्या टेबलावर दिला होता तिथेच होता, असं त्यांना नंतर सांगण्यात आलं. बांबूचं घर पाडायला सब्बल लागत नाही. एक मुख्य खांब ओढला की ते स्वतःच्या भाराने, पत्त्यांसारखं नाही, एखादं जनावर गुडघ्यावर बसतं तसं बसतं. आमचं तसं बसलं. गोदामायचं बसलं. डोहातले बांबू गळ घालून ओढून काढले आणि ट्रकमध्ये भरले. ते का नेले याचा खुलासा कोणी केला नाही. पुलियावर लेआउटचे लोक उभे होते. कोणी हसत नव्हतं. ते सभ्य लोक होते. आमच्या भांड्यांना हात लावू नका असं त्यांच्यातल्या एकाने ट्रकवाल्यांना सांगितलंही.

बाबा तेव्हा एकदाच ओरडले. शिवी नव्हती. मारबतीच्या मागून ओरडतात त्या चालीवर, पुलियाकडे तोंड करून, ते म्हणाले — "आता घेऊन चालली ना गा मारबत?"

आम्ही कन्हानला गेलो. तिथे नदी होती, पण पाण्याजवळच्या जागा आधीच भरलेल्या होत्या. बाबा खाणीवर कोळसा वाहायच्या टोपल्या विणू लागले. जाड कामटीच्या, ओबडधोबड, लवकर फाटणाऱ्या. त्यांच्या काठाला त्यांनी लाल कामटी कधी घातली नाही. बडग्या तर पुन्हा बांधलाच नाही. कन्हानच्या लोकांनी एकदा मागितला, तेव्हा ते म्हणाले की मले बांधता येत नाही. आई सांगायची की ते माझ्यावर रागावले नव्हते. पण त्यानंतर त्यांनी मला कुठल्याही शब्दाचा अर्थ विचारला नाही. मी शिकत गेले, वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला लागले, मग बातम्या लिहायला लागले, आणि अर्थ सांगण्याची वेळ रोज येत राहिली... घरात मात्र नाही. बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाला कोयता होता, गंज धरलेला. त्याचा वास घेऊन पाहिला. लोखंडाचा होता.

वस्ती पाडली त्यानंतर दहा वर्षांनी, एका वेगळ्याच बातमीच्या कामासाठी मी त्या बाजूला गेले होते. परतताना सायकल पुलियाकडे वळवली. श्रावण होता, दुपार. फाटकांवर मधुमालती चढल्या होत्या, एका घरातून कुकरची शिट्टी येत होती, आणि कपड्यांच्या दोरीवर मुलांचे गणवेश वाळत होते. नाल्याकाठी समितीने जे बालोद्यान करण्याचं ठरवलं होतं, आणि ज्याची ओळ त्या वर्षीच्या फळ्यावर आमची घरं पडल्यानंतर बरेच दिवस होती असं मेश्राम काकांनी मला सांगितलं होतं, ते तिथे नव्हतं. शेवटच्या रांगेतल्या घरांच्या भिंती नाल्यापर्यंत पुढे आल्या होत्या. डोहाच्या जागी गॅरेज होतं, निळ्या दाराचं. सेक्रेटरी साहेबांचं घर त्याच रांगेत होतं. मी कोणाचंही दार वाजवलं नाही. बातमीसाठी लागतं तेवढं पाहिलं आणि लिहून घेतलं. नाल्यापर्यंत आलेल्या त्या भिंतींची बातमी मी दिली होती. ती छापली गेली नाही.

कडुनिंब होता. फळाही होता, नवा रंग दिलेला. मधली पट्टी तशीच. खाली, लाल खडूत, समस्या या शब्दाखाली लिहिलं होतं: डास. मोकाट डुकरे. आणखी काही नव्हतं.

वर, पांढऱ्या खडूत, त्याच टपोऱ्या अक्षरात, शिरोरेघ आता थोडी थरथरलेली — आगामी कार्यक्रम. तान्हा पोळा. सकाळी मारबत. बडग्याचा विषय: महागाई. बडग्या बांधून देणारा कोणी माहीत असल्यास सेक्रेटरींना कळवावे.